ताटातले नाव आणि वहीतले नाव

लग्न लागून नवरी घरात आली की लक्ष्मीपूजन होते. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा मुलगा अंगठीने त्यावर बायकोचे नवे नाव लिहितो. सगळ्यांना पेढे मिळतात. मग ते तांदूळ पुन्हा डब्यात जातात, आणि काल सकाळपर्यंत जी मुलगी ‘सखू’ होती ती ‘सरस्वती’ होते. सखू कुठे गेली हे कोणी विचारत नाही. विचारायची वेळ येते ती चाळीस-पन्नास वर्षांनी, आणि तेव्हा उत्तर देणारे कोणी उरलेले नसते.

आमच्या घरी ती वेळ आली होती. आमच्या आजीच्या माहेरचा एक माणूस जमिनीच्या कामासाठी वंशावळ घेऊन आला. त्यांच्या जुन्या कागदात दोन बहिणी होत्या, ठकू आणि गंगू. एक लहानपणीच वारली होती, दुसरी आमच्याकडे दिली होती. “तुमची आजी यातली कोणती?” एवढाच त्याचा प्रश्न होता. आजी जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. आम्हाला ती ‘लक्ष्मीबाई’ म्हणून माहीत होती. सातबाऱ्यावर तेच नाव, वारसनोंदीत तेच, तिच्या तांब्यावरही तेच कोरलेले. वडिलांना आईचे माहेरचे नाव सांगता येईना. शेजारची एक म्हातारी म्हणाली, “ठकूच असावी.” त्या ‘असावी’वर वडिलांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली. घरी आल्यावर मात्र ते बराच वेळ ओट्यावर गप्प बसून होते.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. निवृत्त झाल्यावर मुलाने घरात संगणक आणला आणि एक दिवस म्हणाला, “आई, इंग्लंडच्या जुन्या लग्नाच्या वह्या वाचून उतरवायला लोक हवे आहेत. पैसे नाहीत, पण घरी बसून करता येते.” मला एकदम आजीची आठवण झाली. आपली वही सापडली नाही, निदान दुसऱ्या कोणाची तरी सापडू दे, असे मनात आले. तेव्हापासून हे काम करते. शेतीपंपाची वीज रात्री आली की मुलगा पाणी भरायला जातो. तो परत येईपर्यंत माझ्या दहा-पंधरा नोंदी उतरवून होतात.

“बाई, त्या गोऱ्यांच्या लग्नाशी तुमचं काय देणंघेणं?” असे गावात विचारतात. त्याचे उत्तर द्यावे म्हणूनच हा लेख.

वही कशी असते?

इंग्लंडात प्रत्येक चर्चची एक हद्द असते, तिला पॅरिश म्हणतात. आपल्या गावाच्या शिवेसारखीच ती. त्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांची नोंद ठेवण्याची आज्ञा १५३८ साली झाली. सुरुवातीला पाद्री जमेल तसे लिहीत. कोणी एका ओळीत लग्न उरके, कोणी नवरीचे नावच गाळी.

नंतर १७५३ साली पार्लमेंटने लग्नाचा कायदा केला आणि २५ मार्च १७५४ पासून तो लागू झाला. चोरून लागणाऱ्या लग्नांना आळा घालणे हा त्याचा हेतू होता. लग्न चर्चमध्येच व्हावे, आधी तीन रविवार लोकांसमोर त्याचा पुकारा व्हावा किंवा परवाना काढावा, लग्नाची वही वेगळी ठेवावी, आणि नोंदीखाली नवरा, नवरी, साक्षीदार व पाद्री यांनी सह्या कराव्यात, असे त्यात ठरले. क्वेकर आणि ज्यू लोकांना त्यातून वगळले होते.

त्या सह्या पाहण्यासारख्या असतात. लिहिता येत नसलेला माणूस फुलीची खूण करी आणि पाद्री बाजूला लिही, ‘अमक्याची खूण’. आपल्याकडचा अंगठाच तो. कधी नवऱ्याची फुली असते आणि नवरीची सही वळणदार असते. अशी नोंद आली की मी क्षणभर थांबते. अडीचशे वर्षांपूर्वी कुठल्याशा खेड्यात त्या पोरीला कोणी अक्षरे शिकवली असतील?

पुढे १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. तेव्हाच्या छापील नमुन्यात तारीख, दोघांची नावे, वय, अविवाहित की विधुर-विधवा, धंदा, राहण्याचे ठिकाण, आणि दोघांच्या वडिलांची नावे व त्यांचे धंदे असे रकाने होते. आईच्या नावाला रकाना नव्हता. इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईचे नाव येऊ लागले ते ४ मे २०२१ पासून. म्हणजे १८३ वर्षे लेकीच्या लग्नाच्या कागदावर आईला जागा नव्हती. आपल्याच घरी असे होते असे समजू नये.

वयाच्या रकान्यात पुष्कळदा आकडा नसतोच, नुसते ‘पूर्ण वय’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ एकवीस किंवा त्याहून अधिक, एवढाच. त्याखालच्यांना आईबापांची संमती लागे. संमती असेल तर मात्र मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा चौदा वर्षांचा असला तरी तिथले लग्न कायदेशीर ठरे. ती मर्यादा सोळावर गेली १९२९ साली. त्याच वर्षी आपल्याकडे शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले. बालविवाह हा फक्त आपलाच दोष अशी माझी समजूत होती, ती या वह्यांनी काढून टाकली.

सूची कशासाठी?

एवढ्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत, त्यांची छायाचित्रेही काढली आहेत, मग आमच्यासारख्यांची गरज काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर शेतकऱ्याच्या घरात लवकर समजते. कणगीत सगळे बी एकत्र ओतले तर पेरणीच्या दिवशी हवे ते वाण कसे काढणार? पिशवीवर चिठ्ठी हवी. छायाचित्रात अक्षरे दिसतात, पण संगणकाला ती नाव म्हणून कळत नाहीत. कोणीतरी ते नाव वाचून टंकून ठेवले, तरच दुसरा कोणी ते शोधू शकतो. अशा चिठ्ठ्या लावणे म्हणजेच सूची करणे.

हे काम जगभर चालते. इंग्लंडात ‘फ्रीबीएमडी’ नावाची खटपट १९९८ साली सुरू झाली. सरकारी नोंदणीची तिमाही सूची स्वयंसेवकांनी टंकून काढली. आज त्यात पंचवीस कोटींच्या वर नोंदी आहेत आणि त्या पाहायला पैसे पडत नाहीत. पॅरिशच्या वह्यांसाठी ‘फ्रीरेग’ हे तिचे भावंड आहे.

अमेरिकेत युटा राज्यात मॉर्मन पंथाच्या चर्चने १८९४ साली वंशशोधाची संस्था काढली. पूर्वजांच्या नावाने काही धर्मविधी करावेत अशी त्यांची श्रद्धा आहे, त्यासाठी पूर्वज माहीत असावे लागतात. त्यांनी १९३८ पासून देशोदेशीच्या नोंदवह्यांच्या सूक्ष्मफिती काढल्या आणि त्या डोंगर पोखरून केलेल्या कोठारात ठेवल्या. सुमारे चोवीस लाख फितींचे संगणकीकरण २०२१ साली पूर्ण झाले. ‘फॅमिलीसर्च’ या नावाने चालणाऱ्या त्यांच्या कामात कोणत्याही धर्माचा माणूस भाग घेऊ शकतो. अमेरिकेची १९४० ची जनगणना २०१२ साली खुली झाली, तेव्हा दीड लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी ती पाच महिन्यांच्या आत उतरवून काढली. सुगीला सारा गाव एका शेतात उतरावा तसे ते झाले.

आता संगणकही जुने हस्ताक्षर वाचू लागला आहे. अमेरिकेची १९५० ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली, तेव्हा पहिले वाचन यंत्राने केले आणि माणसांनी ते तपासले. म्हणजे आमचे काम संपले नाही, फक्त बदलले. यंत्र झरझर वाचते, पण शाईचा डाग आणि टिंब यांत त्याची गल्लत होते. शेवटी डोळा माणसाचाच लागतो.

माझी चूक

या कामाचा पहिला नियम आहे, दिसेल तसे लिहा. ऐकायला सोपा आहे, पाळायला फार अवघड.

जुन्या इंग्रजीत ‘एस’ हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहीत. दोन ‘एस’ शेजारी आले की पहिला लांब काढीत आणि तो हुबेहूब ‘एफ’सारखा दिसे. मला हे ठाऊक नव्हते. मी ‘रॉस’ आडनावाची सगळी माणसे ‘रोफ्स’ करून टाकली. एका वहीत अकरा जण! आमच्या गटाचे काम तपासणाऱ्यांनी पान परत पाठवले आणि सौम्यपणे समजावले. हसू आले, पण लाजही वाटली. रॉस घराण्यातल्या कोणी आपल्या पणजीला शोधले असते तर ती त्याला कधीच सापडली नसती. माझ्या एका अक्षराने ती दुसऱ्यांदा मेली असती.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. एका पानावर दोन लग्ने होती. नवऱ्या बहिणी वाटत होत्या, बापाचे नाव एकच, गाव एकच. पण आडनावाच्या स्पेलिंगात एका अक्षराचा फरक होता. शाळामास्तरणीचा हात स्वस्थ बसेना. पाद्री चुकला असे समजून मी दुसरे स्पेलिंग पहिल्यासारखे केले. तेही परत आले. तपासणाऱ्याने विचारले होते, त्या बहिणीच होत्या हे तुम्हाला कसे कळले? मला उत्तर देता आले नाही. मला वाटले म्हणून मी लिहिले होते. ‘ठकूच असावी’ म्हणणारी ती शेजारची म्हातारी माझ्यातही बसलेली होती.

तेव्हापासून शंका आली की मी शंकेची खूण करते, अंदाज लिहीत नाही. पुष्कळ ठिकाणी एकच पान दोघांना वेगवेगळे वाचायला देतात. दोघांचे जुळले नाही तर तिसरा निवाडा करतो. वजनकाट्यावर दोनदा माल चढवावा तसेच ते.

आणखीही खाचखळगे आहेत. जागा वाचवायला नावे तोडून लिहीत. विल्यमची दोन अक्षरे, जेम्सची तीन. ख्रिस्तोफरच्या आरंभी ‘एक्स’ काढीत. जुन्या तारखांचा घोळ तर वेगळाच. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायद्याचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून फेब्रुवारी १७२० असे लिहिलेले लग्न आजच्या हिशेबाने १७२१ चे असते. इंग्रज स्वयंसेवक यात गोंधळतात. मला मात्र ते लगेच समजले. आपलेही वर्ष पाडव्यालाच बदलते की!

वहीतले शेतकरी

धंद्याचा रकाना वाचताना मी घरच्यासारखी रमते. ‘योमन’ म्हणजे स्वतःच्या जमिनीचा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. ‘हजबंडमन’ म्हणजे त्याहून लहान, बहुधा दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. ‘लेबरर’ म्हणजे मजूर, आणि खेड्याच्या वहीत तो बहुतेक शेतमजूरच. १८३७ नंतरच्या वहीत वडिलांचाही धंदा असल्याने घराची चढउतार दिसते. बाप हजबंडमन आणि मुलगा लेबरर असे दिसले की समजावे, मधल्या काळात जमीन हातची गेली. मुलगा गिरणीत किंवा रेल्वेत लागलेला दिसला की समजावे, गाव सुटले. आपल्याकडे कोकणातून मुंबईला गेलेल्या घरांची वही कोणी अशी लिहिली असती, तर तीही अशीच वाचता आली असती.

विधवा आणि विधुर यांच्या नोंदीही पुष्कळ असतात. बाळंतपणात बायको जाई आणि पदरात लहान पोरे असत. माणूस वर्षभरात पुन्हा बोहल्यावर उभा राही. दफनाची वही आणि लग्नाची वही शेजारी ठेवली की त्या घराचे दुःख न सांगता समजते.

आणि बायका? इंग्रज मुलीचे पहिले नाव लग्नात बदलत नसे, पण आडनाव जाई. तिचे माहेर आणि सासर ही दोन्ही नावे ज्या एका ओळीत भेटतात ती लग्नाची ओळ. तेवढी हरवली तर ती बाई दोन तुकड्यांत राहते. एका गावी कोणाची तरी लेक, दुसऱ्या गावी कोणाची तरी बायको, मधला पूल नाहीसा. म्हणून जन्म-मृत्यूपेक्षा मला लग्नाची वही जास्त मोलाची वाटते.

आपल्या इकडचे धागे

हे सगळे साता समुद्रापलीकडचे आहे असे नाही. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नकला लंडनला पाठवीत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुणे, अहमदनगर, मुंबई इथे राहिलेले शिपाई, कारकून, रेल्वेचे लोक त्यांत सापडतात. १९९८ साली स्थापन झालेली ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ स्वयंसेवकांकडून अशा नोंदींची सूची करून घेते. आपल्या गावांची नावे इंग्रज कारकुनाने वाटेल तशी लिहिलेली असतात. ती ओळखायला इथला माणूस असला तर काम सोपे होते.

मॉरिशसला १८३४ पासून मळ्यांवर करारी मजूर नेले, त्यांत मराठी माणसेही होती. तिथल्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांची दप्तरे आहेत. कितीतरी घरांना पणजोबांचे गाव त्या दप्तरातून समजले.

आपल्याकडे नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी पणजोबांची सही काढून दाखवतात. आणि २०२३ साली मराठवाड्यात व नंतर राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसाला एकाएकी केवढे महत्त्व आले हे वाचकांनी पाहिलेच आहे. रुमालात बांधलेल्या जुन्या दप्तराकडे तोवर कितीजण फिरकत होते? नोंद असणे वेगळे आणि ती सापडणे वेगळे.

आपण काय करावे?

परदेशी वह्या उतरवायला प्रत्येकाला जमेल असे नाही. पण आपल्या घरची वही प्रत्येकाला लिहिता येते.

पहिली गोष्ट, लग्नाची सरकारी नोंद करा. लग्नपत्रिका म्हणजे नोंद नव्हे. सर्व लग्नांची नोंदणी सक्तीची करावी असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे आणि खेड्यात ग्रामपंचायतीत ही नोंद होते. लेकीचे माहेरचे पूर्ण नाव त्यात अचूक लिहिले आहे ना, हे सही करण्यापूर्वी पाहा. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल होऊन वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. पण माहेरच्या कागदावरची सखू आणि सासरच्या कागदावरची सरस्वती एकच, हे दाखवणारा कागद नसेल तर त्या हक्कापायी किती हेलपाटे पडतात, हे ज्यांनी घातले त्यांना विचारा.

दुसरी गोष्ट, एक दोनशे पानी वही घ्या. घरात आलेल्या प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव, तिच्या आईवडिलांची नावे, गाव, तालुका आणि लग्नाचे साल त्यात लिहा. दिलेल्या लेकींचेही लिहा. तिथी माहीत असेल तर तिथी, नाहीतर ‘दुष्काळाच्या वर्षी’, ‘थोरल्याच्या मुंजीनंतर’ असे सांगतील तसेच लिहा. खात्री नसेल तिथे ‘नक्की नाही’ असे लिहायला लाजू नका. हा नियम मी फार उशिरा शिकले.

तिसरी गोष्ट, घरातल्या म्हाताऱ्या बाईला आजच विचारा. दिवाळीला सगळे जमतील तेव्हा विचारू, असे म्हणू नका.

मी माझ्या सुनेला विचारले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “आई, इतक्या वर्षांत हे नाव मला इथे कोणी विचारलंच नाही.” मग तिने आपल्या हाताने वहीत ते लिहिले. त्याखाली तिच्या आईचे लिहिले, आणि आईच्या आईचेही तिला ठाऊक होते, तेही लिहिले. आजीच्या नावापुढे मी दोन्ही नावे लिहिली आहेत, ठकू किंवा गंगू, आणि पुढे शंकेची खूण. ती खूण आता पुसली जाणार नाही. पण त्या पानानंतरच्या एकाही बाईच्या नावापुढे ती खूण पडू नये, एवढे आपल्या हातात आहे.